अँटिबायोटिक बंद केलं, आता मोरचूद किती घालू?

गादीवरचा
खाद्यातून अँटिबायोटिक काढल्यावरची ही दुसरी बॅच. चार हजार ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या). पंधरा दिवस सगळं सुरळीत असतं, अठराव्याला गादी (शेडमधला भुशाचा थर) ओली व्हायला लागते आणि पाण्याच्या निपलखाली चक्क चिखल. उभं राहून अमोनिया कळत नाही, पण पिल्लांच्या उंचीला नाक नेलं की डोळे चुरचुरतात. ओळखीतले एक जण म्हणाले, खनिजं घाल, तीच अँटिबायोटिकचं काम करतात. म्हणून टनाला एक किलो मोरचूद आणि दीडशे ग्रॅम झिंक ऑक्साइड सुरू केलं. आठवडा झाला. शिट काळपट दिसतेय, खाद्यही कमी उचलतायत. डोस वाढवू का? खनिज म्हणजे काही औषध नव्हे, थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही, असं धरून चाललोय.

चिरफाड डॉक्टर
दादा, आधी मोरचूद थांबवा, मग पुढचं वाचा.

मोरचुदात तांबं 25 टक्के. टनाला किलो म्हणजे 250 पीपीएम (किलो खाद्यात 250 मिलिग्रॅम). पक्ष्याची गरज 8 च्या आसपास, आणि ती प्रिमिक्समधून (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणातून) आधीच जात असणार. एवढ्या तांब्याने आतड्यातले जंतू दबतात, त्यासाठी ते पूर्वीपासून वापरतात, हे खरं. पण गिझार्डचं (दाणे दळणाऱ्या पोटाचं) अस्तरही खरवडलं जातं. युरोपात कोंबडीच्या खाद्यात तांब्याची एकूण मर्यादा किलोला 25 मिलिग्रॅम आहे. शिवाय काही जंतूंमध्ये तांब्याला आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं एकमेकांना चिकटून असतात. म्हणजे अँटिबायोटिक सोडून तुम्ही तांब्यावर तेच जंतू पोसणार.

अठरावा दिवस वाचून मला कॉक्सीचा (आतड्यातल्या परजीवींचा रोग) संशय येतो. ती आतड्याचं अस्तर फाडते आणि त्या जखमेत क्लॉस्ट्रिडियम हा जंतू वाढतो. त्यालाच तुमचं अँटिबायोटिक इतके दिवस दाबून होतं. आजची मरतुक फेकू नका. गिझार्ड उभं चिरून धुवा, आतडं लांबीने उघडा. भिंत फुगलेली, पातळ आणि आतून जुन्या टॉवेलसारखी खरखरीत असेल तर क्लॉस्ट्रिडियमचा संशय, फोटो टाका.

मिक्सरवाली
डॉक्टरांशी सहमत, पण जस्ताला तांब्याच्या पंगतीत बसवू नका. आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला जस्त लागतं. गरज 40 पीपीएम, आम्ही 80 ते 100 धरतो. पुढे नेऊन अँटिबायोटिकसारखा परिणाम मिळेल, ही आशा सोडा. ती कल्पना डुकराच्या पिल्लांवरून आली. त्यांना जुलाबासाठी झिंक ऑक्साइडमधून 2500 पीपीएमपर्यंत जस्त द्यायचे, तेही युरोपने 2022 मध्ये बंद केलं.

मका-सोयातलं फायटेट जस्ताला धरून बसतं, आणि शिंपल्याची पूड सढळ हाताने पडली की आणखीच. डोस वाढवण्याआधी खाद्यात फायटेज (फायटेट फोडणारं एन्झाइम) आहे का आणि कॅल्शियम किती पडतंय ते बघा. मिसळताना आधी दहा किलो भरड्यात, मग मिक्सरमध्ये. थेट टाकलेल्या पुडीने एका पोत्याला तिप्पट आणि दुसऱ्याला शून्य जातं, हे मी स्वतः करून बसलेय.

जुना पंखा
गादीत झिओलाइट (सच्छिद्र खनिज) टाकून बघा, अमोनिया धरतं. पण निपल गळत असेल तर झिओलाइटचाही चिखलच होणार.

गादीवरचा
तीन पक्षी उघडले. तिघांच्या गिझार्डचं अस्तर भेगाळलेलं, एकाचं तर नखाने सोलून निघालं. आतडं फुगलेलं नाही, टॉवेलही नाही, पण मधल्या भागात भिंतीवर नारिंगी चिकट शेंबूड. फोटो टाकलेत. प्रिमिक्सचं लेबल आज पहिल्यांदा वाचलं, त्यात तांबं आणि जस्त दोन्ही आहे. आणि पंखेवाले दादा, निपल खरंच खाली होते. पिल्लं मान वाकवून पीत होती, निम्मं पाणी खाली. लाइन चार बोटं वर घेतली. मोरचुदाचं बारा पोती खाद्य उरलंय, त्याचं काय करू?

चिरफाड डॉक्टर
नारिंगी शेंबूड कॉक्सीकडेच बोट दाखवतो. उद्या शिट प्रयोगशाळेत द्या, औषधाचं त्यानंतर ठरवू. ते खाद्य या बॅचला नको. पुढच्या बॅचला एका पोत्याला वीस पोती बिनमोरचुदाची, तेही पहिला आठवडा सोडून.

गादीवरचा
बरं. पोत्यांवर खडूने फुली मारून ठेवली, गडी चुकून ओतायला नको.