होज बदलले, ब्रेक ऑइल बदललं, तरी पहिल्या दाबाला पेडल खोल जातं (एमएक्स-५, १९९६)

शेफील्डकर:
नमस्कार मंडळी. गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९६ ची, १.८ इंजिन, एबीएस नाही. यंदा एमओटीत (इथली गाडीची वार्षिक तपासणी) पास झाली, पण पुढच्या दोन्ही ब्रेक होजच्या (चाकापर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या) रबराला चिरा पडल्यात असा शेरा मिळाला. त्याआधी एकदा स्नेक पास घाटातून लेडीबोअर तलावाकडे उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल मऊ पडलं होतं, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. म्हटलं, चारही होज बदलू.

स्टीलची जाळी असलेले होज आणले, डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलची एक लिटरची नवी बाटली आणली. इथल्या रस्त्यावरच्या मिठाने मागच्या डाव्या चाकाच्या पाइपाचा नट असा गंजला होता की दोन संध्याकाळ नुसतं गंज सोडवायचं तेल मारत बसलो. शेवटी १० चा फ्लेअर पाना घेतला तेव्हा सुटला, साध्या पान्याने कडा गोल झाल्या असत्या. होजच्या टोकाच्या पोकळ बोल्टला (बँजो बोल्ट) दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वॉशर टाकले. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं.

बायकोने पेडल दाबलं, मी चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलची उघडझाक केली. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बुडबुडे थांबले. कुठे गळती नाही. तरी पहिल्यांदा दाबलं की पेडल अर्ध्याच्या खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक. बाटली संपली. गाडी अजून गल्लीबाहेर काढलेली नाही. काय राहिलं असेल?

नॉटिंगहॅमकर:
हवा राहिली आहे, दुसरं काही नाही. अजून एक बाटली आणा आणि पुन्हा ब्लीड करा, म्हणजे हवा काढा. कुठल्या चाकात हवा आहे ते शोधायचं असेल तर एकेक होज क्लॅम्पने दाबून बघा. ज्याला दाबल्यावर पेडल कडक होईल तिथे हवा.

लेस्टरचा जुना एमएक्सवाला:
शेफील्डकर, आधी एक कळकळीची विनंती, त्या होजना क्लॅम्प लावू नका. ती युक्ती रबरी होजची. जाळीच्या होजच्या आत टेफ्लॉनची पातळ नळी असते, ती एकदा चेपली की चेपली. बाहेरून जाळी छान दिसत राहते आणि आत नळीला मोड पडलेला असतो.

आता पेडलबद्दल. तुम्ही लक्षण नीट लिहिलंत म्हणून सांगता येतं. हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं, दाबत राहिलं तरी पायाला कडकपणा असा मिळत नाही. तुमचं दुसऱ्या दाबाला कडक होतंय आणि कडक राहतंय. म्हणजे पहिल्या दाबातलं ऑइल पिस्टन पॅडपर्यंत ढकलण्यातच खर्च होतंय. कुठेतरी पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर जास्त आहे.

दोन गोष्टी सांगा. एक, या कामात मागचे पॅडही बदललेत का? दोन, हँडब्रेक किती टिकटिक वर येतो? आणि ही चाचणी आत्ता गल्लीतच करा. हँडब्रेक घट्ट ओढा आणि पेडल दाबा. पहिल्याच दाबाला पेडल वर आणि कडक लागलं, तर दोष मागच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अ‍ॅडजस्टमेंटमध्ये आहे, ऑइलमध्ये नाही. दुसरी बाटली आणायची गरज नाही.

शेफील्डकर:
काका, हो! मागचे पॅड बदलले, लिहायचं राहिलं. पिस्टन आत न्यायला मागचा स्क्रू उलटा फिरवला होता. हँडब्रेक १०-११ टिकटिक येतो. आत्ताच बाहेर जाऊन तुमची चाचणी केली. हँडब्रेक ओढल्यावर पहिल्याच दाबाला पेडल वर!

लेस्टरचा जुना एमएक्सवाला:
मग सापडलं. या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या मागेच आहे, आणि पॅड बदलल्यावर तिचं अंतर आपण हाताने लावायचं असतं.

गाडीचा मागचा भाग स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. पुढच्या चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक पूर्ण सोडा. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ च्या पान्याचा एक बोल्ट दिसेल, तो झाकण आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की बसेल असा स्क्रू आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवत जा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पॅड किंचित घासल्याचा आवाज आला तर चालेल. दोन्ही बाजू सारख्या करा, झाकणाचा बोल्ट लावा, मग पेडल चार-पाच वेळा दाबा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. आधी केबल ओढून अंतर झाकलंत तर पेडल तसंच राहील.

आणखी एक, पुढच्या वेळेसाठी. ब्लीड करताना पेडल पार तळापर्यंत दाबायचं नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो त्यापुढचा भाग गंजून खरखरीत झालेला असतो. सील तिथे गेलं की कापतं. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. माझ्या गाडीचं मास्टर सिलिंडर अशाच एका रविवारी गेलं होतं. तुमचं पेडल कडक झाल्यावर पाय तसाच ठेवून मिनिटभर थांबा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर बघावं लागेल, नाही बसलं तर निश्चिंत.

पुढची चाकं लावल्यावर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि दोन्ही होज हात लावून बघा. पीळ नको, टायरला घासायला नको. ही जाळी शेजारच्या भागाला कानशीसारखी खाते.

कोथरूडचा घाटवाला:
माझ्याकडे ही गाडी नाही, पण उतारावर पेडल मऊ पडलं ते वाचून लिहितोय. आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नाही, ग्लायकॉल आहे, हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना कॅलिपर तापला की आतलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. गाडी थंड झाल्यावर पेडल परत नीट लागतं, म्हणून लोक विसरून जातात. आमच्याकडे वरंध्यात, ताम्हिणीत पावसाळ्यात हे होतं. दोन वर्षांनी बदलाच, गाडी कमी चालली असली तरी. उतारावर गिअर खालचा ठेवा. आणि उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका.

नॉटिंगहॅमकर:
क्लॅम्पबद्दल माझं चुकलं, काढून टाका डोक्यातून. पॅड बदलल्याचं कळलं असतं तर मीही तिथेच गेलो असतो.

शेफील्डकर:
झालं! शनिवारी सकाळी केलं. उजव्या कॅलिपरचा स्क्रू जवळजवळ दीड फेरा आत गेला, डावा एकच. पेडल आता पहिल्याच दाबाला वर. मिनिटभर पाय ठेवला, तसूभरही खाली गेलं नाही. हँडब्रेक ६ टिकटिकींवर.

उजव्या चाकाच्या कमानीच्या कडेवर ऑइलचे दोन थेंब सांडले होते ते मला रविवारी दिसलेच नाहीत. तेवढ्या जागेचा रंग मऊ होऊन बोटाला लागला. आता भरपूर पाण्याने धुतलंय, रंगाचं नंतर बघू.

आज बायकोला शेजारी बसवून आधी गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर ३० मैलांच्या वेगाने पाच-सहा वेळा ब्रेक मारले. गाडी सरळ थांबते. डिस्कला हात न लावता जवळ नेऊन बघितलं, चारही चाकं जवळपास सारखीच गरम. काका, तुमचे मनापासून आभार. जुनं ऑइल बाटलीत भरून ठेवलंय, उद्या कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर नेऊन देतो.