कोडिंगसाठी असेंबल पीसीच घ्या, लॅपटॉपचा हट्ट सोडा

गोदाकाठचा मामा:
भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अँड्रॉइड शिकतोय. घरात सगळ्यांचं एकच, लॅपटॉप घ्या. माझं मत उलटं, सुटे भाग आणून जोडलेला डेस्कटॉप घ्या. अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप लिहायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) एकदम उघडले की ८ जीबी रॅमचा जीव जातो. पातळ लॅपटॉपांत रॅम बऱ्याचदा मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. डेस्कटॉपला आज १६ ची एक स्टिक लावा, पैसे आले की दुसरी. नाशिकच्या उन्हाळ्यात तो पातळ लॅपटॉप बिल्ड, म्हणजे कोडचं अ‍ॅप बनवणं, चालू असताना किती तापतो, हेही एकदा हात लावून बघा.

सातपूरकर:
मामा, बोलायला सोपं आहे. मी केला की असेंबल! बोर्ड एका दुकानातून, रॅम दुसरीकडून. रॅम काही केल्या बसेना. दोन्हीकडे पिना २८८च, पण डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, हे मला स्टिक दाबून दाबून अंगठा लाल झाल्यावर कळलं. एलजीए १७०० सॉकेटचे (इंटेल प्रोसेसर बसतो तो) बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, माझा डीडीआर४ चा निघाला. दुकानदार म्हणे, खोकं फोडलंत, परत घेणार नाही. दुसरी रॅम आणली, तर स्क्रीन काळीच. प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ, म्हणजे आत स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्सच नाही! झक मारत ग्राफिक्स कार्ड घेतलं. लॅपटॉपला यातली एक तरी भानगड आहे का?

गोदाकाठचा मामा:
यात पीसीचा काय दोष? खरेदी बिनयादीची झाली. एएमडीचं एएम५ सॉकेट घ्या, त्यावर डीडीआर५ शिवाय काही चालतच नाही, गोंधळ मिटला. त्यात बसणाऱ्या रायझन ७००० प्रोसेसरमध्ये कामापुरतं ग्राफिक्स आत असतं. एफवाला तेवढा इथेही टाळायचा. एएम५ च्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० चा प्रोसेसर घेणार असाल तर बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट दुकानातच करून मागा. सॉकेट तोच असला तरी जुन्या बायोसवर मशीन सुरूच होत नाही.

इंदिरानगरची ताई:
आणि बायोसमध्ये असताना एसव्हीएम (एम्युलेटरला लागणारी प्रोसेसरची सोय) चालू आहे का बघा. एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर ते बंद असतं, मग एम्युलेटर रडतो आणि पोरं रॅमला शिव्या देतात. पण मामा, मुख्य गोष्ट राहिली. भाचा राहतो कुठे? माझा भाऊ शनिवारी एसटीने सिन्नरला जायचा. डबा मांडीवर घेईल, कॅबिनेट कुठे ठेवेल? वीज गेली की न साठवलेलं सगळं गेलं, म्हणजे यूपीएस आला. मॉनिटर, कीबोर्डही तुमच्या हिशोबात दिसत नाहीत. रॅमचा स्लॉट असलेले लॅपटॉप मिळतात की, दुकानात खालचं झाकण कसं उघडतं ते विचारायचं. एम्युलेटर नकोच असेल तर खरा फोन केबलने जोडा.

गोदाकाठचा मामा:
मॉनिटर घरात पडलाय. यूपीएसचं मान्य, तो धरला नव्हता. भाचा घरीच असतो, कॉलेजला सिटीलिंकच्या बसने जातो. कॉलेजात लॅब आहे, मशीन फिरवायचं कशाला?

सातपूरकर:
ठरलंच असेल तर ती डीडीआर५ ची स्टिक अजून माझ्या कपाटात आहे. १६ जीबी, एकदाही नीट बसलेली नाही. अर्ध्या किमतीत देतो.