तुळशी भरला, पण भातसा?

ए-२०३: नमस्कार मंडळी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी ओसंडून वाहतोय, बातम्यांत दाखवलं. सेक्रेटरी साहेब, कपातीमुळे सोसायटीने बंद केलेलं दुपारचं पाणी आता तरी सुरू करा. आईला बादल्या उचलवत नाहीत.

सी-१०१: पालिकेच्या तलावांच्या तक्त्यात अप्पर वैतरणाचा आकडा बघा, ५९७ मीटर! भातसा ११० च्या आसपास. एवढं पाणी असताना पालिकेची कपात कशाला?

बी-५०४: अगं, तो पाण्याचा आकडा नाही, उंचीचा आहे. अप्पर वैतरणा घाटावर, इगतपुरीकडे, म्हणून सहाशेच्या घरात दिसतं. ५९५.४४ मीटरला त्याचा उपयुक्त साठा संपतो आणि ६०३.५१ ला ते भरतं. ५९७ म्हणजे त्या खालच्या पातळीपासून जेमतेम दीड मीटर वर.

सी-१०१: अरे बापरे. मी उलटंच समजत होते, नाना.

बी-५०४: बरेच जण तसंच समजतात. मध्य वैतरणा घे. २२० पासून २८५ पर्यंत, पासष्ट मीटरची पट्टी. त्यात मावतं १,९३,५३० दशलक्ष लिटर. अप्पर वैतरणाच्या आठ मीटरांत मावतं २,२७,०४७. एक बरणी, दुसरी परात. परातीत चार बोटं चढली तरी पाणी पुष्कळ, बरणीत हातभर चढलं तरी बेताचंच. म्हणून मीटर बघायचा तो त्याच तलावाच्या कालच्या मीटरशी ताडून. दोन तलाव मीटरवर एकमेकांशी तोलायचे नाहीत.

ए-२०३: पण तुळशी तर १०० टक्के आहे ना?

बी-५०४: १०० टक्के म्हणजे ८,०४६ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज साधारण ३,८५० पुरवलं जातं. दोन दिवसांचं पाणी झालं, बस. भातसाचा एक टक्काच ७,१७० चा आहे.

डी-४०१: आमच्याकडे रात्रभर धो धो पडला, त्याचा काही उपयोग?

बी-५०४: शहरातल्या पावसाने विहार आणि तुळशी भरतात, दोन्ही राष्ट्रीय उद्यानात आहेत. दोघांचे मिळून ३५,७४४ दशलक्ष लिटर. सातही तलावांची क्षमता १४,४७,३६३. अडीच टक्केसुद्धा नाही. पाऊस हवा तो शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडे.

ए-२०३: आणि तक्त्यात टीएचडी लिहितात ते काय?

बी-५०४: टाऊन हॉल डेटम. टाऊन हॉल म्हणजे आताची एशियाटिक सोसायटीची इमारत, तिथल्या खुणेवरून धरलेली उंची. तिचा शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली आहे, म्हणून विहारची तक्त्यातली ८०.१२ मीटर उंची नकाशातल्या उंचीशी जुळत नाही. विहार १८६० चा आहे, मोजणीची पद्धतही तशीच जुनी.

सेक्रेटरी: नाना, मग आम्ही रोज कुठला आकडा बघावा?

बी-५०४: दोनच. एकूण साठा आणि भातसा. भातसा एकट्याचा ७,१७,०३७, निम्म्याला किंचित कमी. एकूण साठा एक टक्क्याने वाढला की पावणेचार दिवसांची सोय झाली. १ ऑक्टोबरला तलाव काठोकाठ असले की वर्षभराची चिंता मिटते. २०२४ ला तुळशी २० जुलैला भरला, पण १० टक्के कपात उठली २९ जुलैला, मधल्या दिवसांत तानसा, विहार आणि मोडकसागर भरल्यावर.

डी-३०२: माझं माहेर शहापूरचं. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात. एप्रिल-मे मध्ये आमच्या पाड्यावर टँकर येतो, वहिनी दोन हंड्यांसाठी तासभर उभ्या असतात. तुमच्या नळाला येतं ते पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून जातं. इथे कुणी नळीने गाडी धुताना दिसलं की पोटात कालवतं.

सी-१०१: ताई, हे माहीतच नव्हतं. आमची गाडी यापुढे बादलीनेच पुसली जाईल.

ए-२०३: माझी मागणी मागे घेतो. आईसाठी फक्त एक मोठा पिंप कुणाकडे असेल तर सांगा.

बी-५०४: आमच्याकडे आहे, नातू संध्याकाळी आणून देईल.

सेक्रेटरी: ठरलं. पाणी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ७ ते ८, कपात उठेपर्यंत हीच वेळ. ए विंगची टाकी रात्री ओसंडते, तिचा फ्लोट व्हॉल्व्ह उद्या सकाळी बदलून घेतोय. नाना, रोजचे ते दोन आकडे तुम्हीच टाकाल का?

बी-५०४: टाकतो. साडेनऊपर्यंत.