पावसात चेन करकरते, चढावर दात सोडते

प्रश्न: कात्रज ते शिवाजीनगर रोजचं जाणं-येणं. ७ गिअरची सायकल, मागे मुलाची सीट. दोन दिवसाआड तेल घालूनही चेन करकरते, उभं राहून पेडल मारलं की घसरते. चेन बदलू की फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या)?

उत्तर १: आधी मोजा. स्टीलच्या पट्टीचं शून्य चेनच्या एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर फक्त चेन बदला. १/८ गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा; झिजलेल्या दातांवर नवी चेन आणखीच घसरते.

उत्तर २: तेल जास्त होतंय हो! ओल्या चेनवर घातलं की पाणी आतच कोंडतं, वर चिखल चिकटतो आणि पॉलिश पेपरसारखा घासतो. रॉकेल-ब्रशने धुवा (रिमला लागू देऊ नका, ब्रेक धरणार नाहीत), पुसून तासभर वाळवा. मग प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल पुसून काढा.

उत्तर ३: पेडल उलटं फिरवताना डिरेलरपाशी (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) एखादी कडी उडी मारते का, तेही बघा. गंजून आखडलेली कडीही अशीच घसरते. आणि मूल मागे असताना उभं राहू नका, तोल जातो. चढाआधीच हलका गिअर टाका.