सुआरेझ परत आला, पण आपल्याच माणसासाठी किती वेळा मोजायचे?

टकोमाकर (३१ जुलै २०२५)
काल रात्री बातमी आली. बेसबॉलमधल्या आपल्या सिॲटल मरिनर्सनी एउहेनियो सुआरेझला ॲरिझोनाच्या संघाकडून उचललं. बदल्यात टायलर लॉकलिअर हा पहिल्या बेसवर (धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर) उभा राहणारा पोरगा आणि हंटर क्रॅन्टन, हुआन बर्गोस हे दोन पिचर (चेंडू टाकणारे) दिले. सगळे पेढे वाटतायत, म्हणून मुद्दाम मिठाचा खडा टाकतो.

हा माणूस आपलाच होता. २०२२ मध्ये एकवीस वर्षांनी प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) बघायला मिळाले, तेव्हा तिसऱ्या बेसवर हाच. २०२३ मध्ये १६२ पैकी १६२ सामने खेळला. त्याच नोव्हेंबरात त्याला ॲरिझोनाला धाडला, आणि आलं काय? एक कॅचर (यष्टिरक्षकासारखा), एक रिलीव्हर (मधेच बदली येणारा पिचर). स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) फार होतात म्हणे, पगार वाचतो म्हणे. आजीची पितळेची भांडी मोडीत घालायची आणि दोन वर्षांनी तीच दुकानातून नव्या भावाने आणायची, असला हा संसार. शिवाय करार या हंगामापुरताच. हंगाम संपला की गडी मोकळा. तीन महिन्यांसाठी तीन पोरं?

आकडेमोड (३१ जुलै)
साफ असहमत. ॲरिझोनाकडून १०६ सामन्यांत ३६ होमरन (कुंपणापार फटके), ८७ आरबीआय (त्याच्या फटकेबाजीवर आलेल्या धावा). एप्रिलमध्ये अटलांटाविरुद्ध एकाच सामन्यात चार होमरन. (तो सामना ॲरिझोना हरलं, पण त्यात याचा काय दोष?) लॉकलिअर गुणी आहे, पण त्याला इथे जागा कुठे होती? पहिल्या बेससाठी आठवड्यापूर्वीच जॉश नेलर आणलाय, तोही ॲरिझोनाकडूनच. काका, प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा) म्हणजे बँकेतली ठेव नाही, लॉटरीचं तिकीट आहे. १९७७ पासून आपण एकदाही वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम मालिकेत) पोचलो नाही. तीस संघांत असे आपण एकटेच. आता नाही तर कधी?

टकोमाकर (३१ जुलै)
ते ३६ ॲरिझोनाकडून खेळतानाचे. इथल्या गार हवेत तेच फटके कुंपणाच्या आत उतरतात. त्याचं वय ३४. २०२३ मध्ये आपल्याकडे २१४ वेळा स्ट्राइकआऊट झाला होता, हा आकडा तुमच्या वहीत नाही वाटतं?

पहाट-पुणे (१ ऑगस्ट)
बाळबोध प्रश्न. हंगाम अर्धा झालाय, घर भाड्याने घेतलंय, पोरं शाळेत, आणि एका फोनवर दुसऱ्या राज्यात? खेळाडूला विचारत नाहीत का?

आकडेमोड (१ ऑगस्ट)
नाही विचारत. मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तर नकार देता येतो. नाहीतर तसं कलम करारातच लिहून घ्यावं लागतं. अदलाबदलीच्या मुदतीआधीचे दोन दिवस निम्मी लीग बॅगा भरून बसलेली असते.

पहाट-पुणे (१ ऑगस्ट)
बाप रे. हार्दिक गुजरातहून मुंबईत आला तर वानखेडेवर स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली लोकांनी, आणि तो सौदा तर हंगामाच्या कितीतरी आधी झाला होता. नंतर विश्वचषक जिंकून आल्यावर त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर! प्रेक्षकांचं काही खरं नसतं.

टकोमाकर (२९ सप्टेंबर)
धागा वर काढतोय, कारण हिशोबाची वेळ झाली. इथे आल्यावर ५३ सामने, सरासरी .१८९, म्हणजे शंभरात जेमतेम एकोणीस यशस्वी फटके. मी काय म्हणालो होतो?

आकडेमोड (२९ सप्टेंबर)
त्याच ५३ सामन्यांत १३ होमरन, ते नाही दिसले? वर्षाचे एकूण ४९. आणि २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन (आपला गट) जिंकलीय आपण. त्याचा आनंदसुद्धा .१८९ नेच मोजणार का?

टकोमाकर (२९ सप्टेंबर)
डिव्हिजन आपल्या कॅचरच्या, कॅल रॅलीच्या ६० होमरननी जिंकली. वरातीत नवरदेवामागून चालणाऱ्याला घोड्याचं श्रेय देऊ नका.

चिवडावाली (१७ ऑक्टोबर, रात्री)
आवाज बसलाय, म्हणून लिहून सांगते. टोरांटोविरुद्धचा पाचवा सामना, मालिका २–२, चार जिंकणारा वर्ल्ड सिरीजमध्ये. सामना दुपारी तीनचा, त्यामुळे 'डेंटिस्टकडे जायचंय' सांगून ऑफिसातून सटकले. (मॅनेजरही तिथेच दिसला. दोघांनीही बघून न बघितल्यासारखं केलं.) स्टेडियममध्ये घरचं खाणं नेऊ देतात, म्हणून पारदर्शक पिशवीत पोह्यांचा चिवडा.

दुसऱ्या इनिंगमध्ये सुआरेझने एक होमरन मारला. नंतर आपण १–२ मागे, बायका-पुरुष सगळे नखं खातायत. आठव्यात रॅलीने बरोबरी केली. मग दोन वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट बेस), मग आपल्या आरोझारेनाला बॉल लागला, तोही बेसवर. बेस भरलेले, आणि समोर कोण? सुआरेझ! आमच्या रांगेतले एक आजोबा चक्क डोळे मिटून बसले. मला टकोमाकर आठवले, खोटं कशाला बोलू! बॉल राइट फील्डकडे उडाला, आणि एक क्षण वाटलं की हा पण आत उतरणार. नाही उतरला. ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा! माझा चिवडा पुढच्या तीन रांगांत वाटला गेला, कुणी तक्रार केली नाही. ६–२.

पहाट-पुणे (१८ ऑक्टोबर)
धनत्रयोदशी, साडेतीनला उठून बसलेलो. उजाडता उजाडता ओरडलो तर आई धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. टकोमाकर, आता तरी बोला!

टकोमाकर (१८ ऑक्टोबर)
बोलतो की. मीही सोफ्यावरून उडालो, गुडघा धरलाय. पण एका संध्याकाळीने सौदा शहाणपणाचा ठरत नाही. माझं भांडण त्याच्याशी कधीच नव्हतं. २०२३ मध्ये त्याला ठेवला असता, तर हाच फटका पोरं न देता मिळाला असता.

आकडेमोड (१८ ऑक्टोबर)
ठेवला असता तर लोकांनी २१४ स्ट्राइकआऊटवरून दोन वर्षं शिव्या घातल्या असत्या. तुम्हीच पहिले, काका.

टकोमाकर (१८ ऑक्टोबर)
शक्य आहे.

चिवडावाली (२१ ऑक्टोबर)
संपलं. सातवा सामना, टोरांटो, ३–१ ने पुढे होतो. सातव्या इनिंगमध्ये त्यांच्या स्प्रिंगरचा तीन धावांचा होमरन, ४–३. वर्ल्ड सिरीज आठ आऊटवर होती. आकाशकंदील लावायचा राहिलाय, स्टूल तिथेच पडलंय.

पहाट-पुणे (२१ ऑक्टोबर)
इथे लक्ष्मीपूजन. सकाळी सामना बघताना करंजी हातात तशीच राहिली. कुणाला दोष द्यायचा? पिचर बझार्डोला का आणला, आपला मुनोज बुलपेनमध्ये (राखीव पिचरच्या जागी) बसलेला असताना? नवा धागा काढा कुणीतरी.

आकडेमोड (२१ ऑक्टोबर)
काढतो. पण इथला प्रश्न सोडू नका. तो फटका नसता तर सहावा सामना आपण कदाचित २–३ अशा पिछाडीवरून खेळलो असतो. त्यासाठी तीन पोरं? मी पुन्हा देईन.

टकोमाकर (२१ ऑक्टोबर)
मी नाही देणार. आणि आता गडी मोकळा आहे, तेव्हा पोरं न देता, नुसत्या पैशांत घेता येईल. घेतील का, ते सांगा.