भूसंपादन की भूमी अधिग्रहण?

स्थावर मालमत्तेवर सरकारचे कोणते अधिकार चालतात, याविषयीचा एक मजकूर मराठीत लिहितेय आणि पहिल्याच पानावर अडले. बातम्यांमध्ये 'भूमी अधिग्रहण' दिसतं, घरातल्या जुन्या नोटिशीवर मात्र 'भूसंपादन' आहे. दोन्ही एकच का? शिवाय वारस नसलेल्या माणसाची मालमत्ता सरकारकडे जाते, ज्याला 'एस्चीट' म्हणतात, त्याला 'सरकारजमा' चालेल?

— ताई, दोन्ही एक नाहीत. संपादनात मालकीच जाते. निवाडा होतो, मोबदला ठरतो, ताबा जातो आणि सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागतं. अधिग्रहणात मालकी तुमचीच राहते, सरकार ती वस्तू काही काळ वापरतं. टंचाईच्या काळात खाजगी विहीर अधिग्रहित होते, निवडणुकीसाठी गाड्या होतात (1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 160). गरज संपली की ज्याची वस्तू त्याला परत. संविधानाच्या समवर्ती सूचीतली (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांची यादी) 42 वी नोंद या दोन्ही गोष्टींची आहे. एकच असत्या तर दोन शब्द कशाला लागले असते? ज्याची जमीन कायमची जातेय, त्याला 'अधिग्रहण' ऐकून ती कधीतरी परत मिळेल असं वाटलं, तर तो दोष शब्द वापरणाऱ्याचा.

— 'भूमी अधिग्रहण' हिंदी बातम्यांतून आलंय. पण खुद्द हिंदीतही 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या अधिकृत नावात 'भूमि अर्जन' आहे, अधिग्रहण नाही. म्हणजे आपण हिंदीतला बोलण्यातला शब्द उचलला आणि आपला नेमका शब्द सोडला.

— मला 'संपादन'सुद्धा खुपतं. विश्वास संपादन करतो, ज्ञान संपादन करतो. त्यात कष्टाने, समोरच्याच्या मर्जीने मिळवल्याचा भाव आहे. इथे मालकाची संमती नसली तरी जमीन जाते. हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूने घडलाय. म्हणून निदान पहिल्या उल्लेखात 'सक्तीचे भूसंपादन' लिहावं.
2013 च्याच कायद्यात मोबदल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते (1984 पासून आधीच्या, 1894 च्या कायद्यात ती 30 टक्के होती). 'दिलासा' मात्र मला योग्य वाटतो: जमीन सक्तीने गेली, याची कबुली त्यात आहे.

— आता 'एस्चीट'. नुसतं 'सरकारजमा' नको. गुन्ह्यापायी किंवा शर्तभंगापायी मालमत्ता काढून घेतली तरी आपण सरकारजमाच म्हणतो, त्यात शिक्षेची छटा आहे. इथे कुणाचाच अपराध नसतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चं कलम 29 पाहा: पात्र वारस नसेल तर मालमत्ता सरकारकडे जाते, पण वारसावर जी देणी आणि दायित्वं आली असती त्यांच्यासकट. सरकार इथे शेवटचा वारस म्हणून उभं राहतं. उलट सक्तीच्या संपादनात जमीन सर्व बोजांतून (गहाण, इतरांचे हक्क वगैरे) मुक्त होऊन येते. एकाच शब्दात दोन्ही कोंबले तर हा फरकच पुसला जाईल. मी 'वारसाअभावी सरकारकडे जाणे' असं लिहीन. लांब आहे, पण वाचणाऱ्याला कळतं.

— 'जप्ती'ही यात मिसळू नका. कर थकला म्हणून घर जप्त झालं तरी तेवढ्याने मालकी जात नाही. ती पुढे लिलावात जाते.

— सगळ्यांचे आभार. 'अधिग्रहण' सगळीकडून काढलं, फक्त विहिरीच्या उदाहरणात ठेवलं. आता शहराच्या विकास आराखड्यातलं 'आरक्षण', म्हणजे रस्ता, शाळा, बाग अशा कामांसाठी जागा राखून ठेवणं, उरलंय. तिथे मालकी जात नाही आणि वापरही सरकारकडे जात नाही, तरी मालकाला मनासारखं बांधता येत नाही. त्याला 'निर्बंध' म्हणावं का?

— म्हणा, पण 'आरक्षण' हा शब्दही ठेवा. मालकाच्या हातात जो कागद पडतो त्यावर तोच असतो.