जुन्या पद्मिनीला ९० ॲम्पिअरचा अल्टरनेटर: वायर जुनीच चालेल का?

लातूरची पद्मिनी:
१९७८ची पेट्रोलवरची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, वडिलांच्या हातची. मे महिन्यात लातूरहून उदगीरपर्यंत जायचं तरी आता एसी लागतो. एसी म्हटलं की कंडेन्सरचा पंखा, ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच हे सगळं आलं. गाडीत वीज तयार करणारा जुन्या पद्धतीचा डायनामो कसेबसे २० ॲम्पिअर देतो, तेही गाडी पळताना. सिग्नलला थांबलं की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. म्हणून त्याच्या जागी ९० ॲम्पिअरचा अल्टरनेटर, म्हणजे नव्या पद्धतीचा जनरेटर, घ्यायचं ठरवलंय.

इथल्या गॅरेजवाल्यांचा सल्ला असा की डायनामो उतरवा, अल्टरनेटर चढवा, कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारी डबी) काढून टाका आणि आहे तीच वायर जोडा. मला हे साफ चुकीचं वाटतं. जुनी वायर ४ स्क्वेअर एमएमची धरली आणि बॅटरीपर्यंत दीड मीटर अंतर धरलं, तर ६५ ॲम्पिअरलाच ०.४ व्होल्टपेक्षा जास्त वाटेत जातात. म्हणजे २७ वॅट नुसती उष्णता, तीही बोनेटखाली, पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या कडक झालेल्या पीव्हीसीत. १६ स्क्वेअरची वायर टाकली की वाटेत जाणारं व्होल्टेज, म्हणजे ड्रॉप, ०.१ वर येतो. अल्टरनेटरच्या बी प्लसपासून (जिथून करंट बाहेर पडतो ते टोक) थेट बॅटरीपर्यंत नवीन जाड वायर टाकायची नसेल, तर अल्टरनेटर बदलूच नये असं माझं मत आहे.

नांदेडचा वायरमन:
दादा, तुम्ही हिशोब उलटा मांडायलाव. अल्टरनेटर ९० चा असला म्हणून तो ९० फेकत बसत नाही. गाडी जेवढं मागंल तेवढंच तो देतो. दिवसा गाडीला लागतात १०-१२ ॲम्पिअर, मग वायर कशाला तापंल? मारुतीचा अल्टरनेटर जुन्या वायरीवर लावलेल्या किती गाड्या आमच्याकडं फिरायल्यात. तुमच्या हिशोबानं त्या सगळ्या जळायला पाहिजे होत्या. गिऱ्हाइकाला उगी खर्चात पाडायचं मला जमत नाही.

संभाजीनगरचा डायनामोवाला:
माझा विरोध वायरीला नाही, अल्टरनेटरलाच आहे. ९० ॲम्पिअर म्हणजे साधारण १२६० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर इंजिनावर ३ हॉर्सपॉवरचा भार पडतो. तुमचं १०८९ सीसीचं इंजिन नवं असतानाच चाळीसच्या आसपास देत होतं. त्यात कॉम्प्रेसरचा भार वेगळा. शिवाय या गाडीत डायनामो, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. अल्टरनेटरच्या लहान पुलीवर पट्टा घसरायला लागला की आधी पंप मंदावतो, आणि परभणी-नांदेडच्या ४३ डिग्रीत पंप मंदावणं म्हणजे हेड गॅस्केटला निमंत्रण. चार्जिंग सुधारायला जाल आणि इंजिन उघडायची पाळी येईल.

दुसरं म्हणजे तुमची गाडी २०२८ मध्ये ५० वर्षांची होते. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मग आत्ताच छेडछाड कशासाठी? डायनामोचं आर्मेचर (आतला फिरणारा तारांचा भाग) वळवून घ्या, नवे कार्बन टाका, हेडलाइटला रिले बसवा, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर चालणारा वेगळा मोठा स्विच. हेडलाइटचा सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो म्हणून तर उजेड पिवळा पडतो. रिले लावल्यावर त्याच डायनामोवर लख्ख उजेड पडतो, हे करून बघण्यासारखं आहे. आणि एसीचा हट्ट सोडा.

लातूरची पद्मिनी:
वायरमन मामा, गाडी मागेल तेवढंच मिळतं हे शंभर टक्के खरं. पण गाडी किती मागते ते बघा: हेडलाइट ९, टेल आणि मीटरचे दिवे ३, इग्निशन ४, कंडेन्सरचा पंखा १०, ब्लोअर १०, क्लच ४, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला तर आणखी १०. हे ५० झाले, आणि पावसात वायपर चालवले तर त्याचे ४ वेगळे. बॅटरी उतरलेली असताना धक्का मारून गाडी चालू केली, तर पहिली काही मिनिटं बॅटरी स्वतःच अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते. वायर जळते ती नेमकी तेव्हा. तुमच्याकडच्या गाड्या जळाल्या नाहीत कारण त्यांना एसी नाही.

डायनामोवाले काका, पट्ट्याचा मुद्दा मला मान्य आहे. त्यासाठी ९० वरून ६५ वर यायला मी तयार आहे. कॉम्प्रेसरला क्रँकवर वेगळी पुली आणि वेगळा पट्टा देणार. पण व्हिंटेजचा नियम चॅसिस, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांबद्दल बोलतो, अल्टरनेटर त्यात कुठे बसतो? डायनामो, त्याचा ब्रॅकेट आणि कटआउट मी कापडात गुंडाळून जपणार आहे. मूळ हार्नेसची (गाडीच्या वायरींच्या जुडग्याची) एकही वायर कापणार नाही. आणि एसीला हट्ट म्हणू नका. सत्तरी ओलांडलेली आई मागच्या सीटवर बसते. एसी नसेल तर मार्च ते जून गाडी शेडमध्येच राहील.

परभणीची इलेक्ट्रिकल:
६५ पुरेल, पण उंबरठ्यावर. अल्टरनेटरवर छापलेला आकडा साधारण २५ डिग्रीला आणि ६००० आरपीएमला मोजलेला असतो. गरम बोनेटखाली तो घटतो, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, निम्म्याच्या आसपास येतो. त्यामुळे रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावू नका, मूळचा पट्ट्यावरचाच ठेवा. तेवढेच १० ॲम्पिअर वाचतात.

सगळे प्लसच्या वायरीवर भांडताय, अर्थिंगचं कोणीच बोलत नाही. जेवढा करंट बी प्लसमधून बाहेर जातो तेवढाच अल्टरनेटरच्या बॉडीकडे परत यायला हवा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. इंजिन ते बॉडीची विणलेली पट्टी गंजलेली असेल तर करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल हाताला गरम लागली तर दोष कार्बोरेटरमध्ये शोधू नका. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशा दोन्ही पट्ट्या नव्या टाका, खालचा रंग खरवडून.

चार्जिंगच्या दिव्याचंही लक्षात ठेवा. अल्टरनेटरला वीज तयार करायला लागण्यासाठी सुरुवातीचा थोडा करंट (फील्ड करंट) त्या बल्बमधूनच मिळतो. कोणी हौसेने तिथे एलईडी बसवला असेल तर गाडी रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच व्हायचं नाही. जुना २-३ वॅटचा बल्बच ठेवा.

नांदेडचा वायरमन:
अर्थिंगचं ताई बरोबर बोलल्या, आमची पोरं तिथंच चुकतात. एसी असंल तर जाड वायर टाका, माझी ना नाही. पण एक सांगतो, त्या वायरीत फ्यूज टाकू नका. चालू गाडीत फ्यूज उडाला तर अल्टरनेटर बॅटरीपासून तुटतो, व्होल्टेज एकदम चढतं अन् अल्टरनेटरच्या आतले डायोड जातात. मी आतापर्यंत थेटच जोडत आलोय.

लातूरची पद्मिनी:
मामा, डायोड जातात हे खरं, पण फ्यूज अल्टरनेटरसाठी नसतोच, वायरीसाठी असतो. ती जाड वायर उद्या इंजिनाच्या तापलेल्या मॅनिफोल्डला घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यात शेकडो ॲम्पिअर ओतेल. इग्निशन बंद केलं तरी ते थांबणार नाही, आणि शेजारीच इंजिनावरच्या पेट्रोल पंपाची रबरी नळी आहे. डायोड प्लेट बदलता येते, गाडी जळाली तर वडिलांची पद्मिनी परत मिळत नाही. ६५ च्या अल्टरनेटरला ८० चा बोल्टने आवळायचा फ्यूज लावला तर नेहमीच्या भाराने तो उडणार नाही. उडालाच तर तेव्हा उडायलाच हवा होता. आणि तो बॅटरीच्या टोकाला हवा, अल्टरनेटरच्या टोकाला नाही.

नांदेडचा वायरमन:
पेट्रोलच्या नळीचं बोललात ते पटलं. मात्र वायरीच्या टोकाचं थिंबल हातोडीनं ठोकू देऊ नका, प्रेसनं दाबून घ्या. फ्यूजच्या नटाखाली स्प्रिंग वॉशर टाका. ढिल्या नटावर ८० चा फ्यूज नुसत्या उष्णतेनं वितळलेला मी बघितलाय. अन् अल्टरनेटर बसवू नका म्हणणाऱ्या काकांचं काही ऐकू नका, पोरा. आईला एसीत बसव.

संभाजीनगरचा डायनामोवाला:
मी माझ्या मतावर ठाम आहे. पण मूळ हार्नेस कापणार नाही म्हणताय, ते लेखी समजतो. तो डायनामो विकायचा विचार कधी आलाच, तर आधी मला फोन करा.